पाखरांची खतावणी

आमच्या वडिलांची वाशीत भुसाराची पेढी होती. पेढी बंद होऊन आता बरीच वर्षे लोटली. परंतु लाल कापडी बांधणीच्या वह्यांचा एक गठ्ठा माळ्यावर तसाच पडून होता. बँकेतून सेवानिवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात तो खाली काढला आणि सवयीने रोजमेळ तपासू लागलो. ज्वारी, करडई, तूर, हमाली, तोलाई असे सर्व काही जागच्या जागी होते. मध्येच एका पानावर, जमा आणि नावे यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, वडिलांच्या अक्षरात दोन शब्द दिसले : ‘पावशा बोलला.’ पुढच्या वर्षीच्या वहीत, ज्येष्ठाच्याच आसपास, पुन्हा तेच. बावीस वर्षांच्या वह्या चाळल्या, तर सतरा ठिकाणी ही नोंद सापडली.

घरात विचारले तेव्हा आईने उलगडा केला. पावशाची ‘पेरते व्हा’ ही हाक ऐकू आली की चार-आठ दिवसांत शेतकरी बियाण्याच्या उधारीसाठी दारात उभे राहत. रोकड हाताशी ठेवायची, तर तो दिवस आधी कळायला हवा. वडिलांना पक्षिशास्त्राची ओळख नव्हती. पाखराची हाक हा त्यांच्या दृष्टीने बाजाराचा एक संकेत होता, आणि संकेत आला की तो तारखेसह लिहून ठेवायचा, एवढीच व्यापाऱ्याची शिस्त होती.

या शिस्तीला आज जगभर ‘नागरिक विज्ञान’ म्हणतात. शास्त्रज्ञ नसलेल्या सामान्य माणसांनी आपापल्या गावात पाहिलेले पक्षी, फुलपाखरे, झाडे, बेडूक यांच्या नोंदी ठराविक पद्धतीने करायच्या, त्या एका ठिकाणी जमा व्हायच्या आणि अभ्यासकांनी त्यांवरून कोणता जीव वाढतो आहे, कोणता घटतो आहे, याचा ताळेबंद काढायचा, असे त्याचे स्वरूप आहे.

ही कल्पना अगदी नवी नाही. काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता ते ॲलन ह्यूम हे एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानातले मोठे पक्षिअभ्यासक होते. देशभर विखुरलेल्या अधिकाऱ्यांकडून आणि हौशी मंडळींकडून ते पत्रांनी माहिती मागवत व ती आपल्या नियतकालिकात छापत. अमेरिकेत १९०० सालच्या नाताळात पक्ष्यांच्या शिकारीऐवजी पक्ष्यांची मोजणी करण्याचा प्रघात फ्रँक चॅपमन यांनी सुरू केला. तो आजही अखंड चालू आहे. ज्यांच्या हाती बंदूक असायची त्यांच्या हाती वही देणारा हा बदल आपल्या वाचकांना विशेष भावेल. आपल्याकडे डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. त्या काळी आपला धाराशिव जिल्हा त्याच संस्थानात होता. परंतु एक अभ्यासक कितीही हिंडला तरी किती गावे पाहणार आणि किती वर्षे पाहणार? प्रत्येक गावी, प्रत्येक ऋतूत कोणीतरी पाहणारा असावा, ही उणीव सामान्य माणसांनीच भरून काढायची होती.

२००२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीच्या सहकार्याने ‘ई-बर्ड’ ही संगणकीय नोंदवही उघडली. २००७ मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या पुढाकाराने आपल्या देशात ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला. हिवाळी पाहुणे पक्षी प्रथम कधी दिसले, एवढीच साधी नोंद त्यात लोकांकडून मागवली जाई. पुढे मोसमी पावसासोबत येणाऱ्या चातकाच्या आगमनाच्या तारखाही गोळा करण्यात आल्या. हे वाचले तेव्हा वडिलांच्या वहीची आठवण होऊन मला अंमळ गहिवरून आले. त्यांनी कोणी न सांगता हेच काम केले होते. फक्त त्यांची नोंद माळ्यावर राहिली.

आता ही नोंद प्रत्यक्षात कशी होते, ते सांगतो. सकाळी पंधरा मिनिटे एका जागी उभे राहावे किंवा ठराविक अंतर चालावे. वेळ, ठिकाण आणि अंतर लिहावे. त्या वेळात जे जे पक्षी ओळखता आले ते सर्व, त्यांच्या संख्येसह, लिहावेत. येथे ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुष्कळांना वाटते की कावळा-साळुंकी काय लिहायची. काही दुर्मीळ दिसले तर लिहू. हिशोबाच्या दृष्टीने ही मोठी चूक होय. यादी पूर्ण असेल, तरच त्यात जे नाही ते ‘दिसले नाही’ असे म्हणता येते. एखाद्या व्यापाऱ्याने केवळ मोठ्या रकमा लिहिल्या आणि किरकोळ विक्री सोडून दिली, तर वर्षअखेरीस नफा झाला की तोटा, हे त्याला कोण सांगणार? दिसलेला पक्षी ही जमेची बाजू, न दिसलेला ही नावेची. पूर्ण यादीत दोन्ही बाजू आपोआप लिहिल्या जातात.

अभ्यासक मग असे पाहतात की एखाद्या भागातून आलेल्या शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत अमुक पक्षी आहे. पूर्वी शंभरात चाळीस याद्यांत असणारा पक्षी आज वीस याद्यांतच दिसू लागला, तर काहीतरी बिघडले आहे. याद्यांची संख्या वाढली म्हणून पक्षी वाढले, असा भ्रम या रीतीने होत नाही.

अशा लाखो याद्यांच्या आधारे ‘भारतातील पक्ष्यांची सद्यःस्थिती’ सांगणारा पहिला अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. साडेपंधरा हजारांहून अधिक निरीक्षकांच्या एक कोटीवर नोंदी तपासून त्यात ८६७ जातींचा आढावा घेतला होता. २०२३ च्या दुसऱ्या अहवालात तीस हजारांहून अधिक निरीक्षक, सुमारे तीन कोटी नोंदी आणि ९४२ जाती होत्या. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळातील कल ठरवता आला, त्यांपैकी साठ टक्के जाती घटलेल्या आढळल्या. १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यावयास हवे, असे अहवाल सांगतो.

यात काही अनपेक्षित गोष्टीही निघाल्या. चिमण्या संपल्या, असे आपण सर्वत्र ऐकतो. २०२० च्या अहवालाने दाखवले की मोठ्या महानगरांत चिमणी घटली असली, तरी देशभराचा विचार करता तिची संख्या स्थूलमानाने स्थिर आहे. मोर तर वाढला आहे. उलटपक्षी, दसऱ्याच्या दिवशी ज्याचे दर्शन शुभ मानतात तो निळकंठ, आमच्याकडे विजेच्या तारेवर हमखास दिसणारा, गेल्या बारा वर्षांत सुमारे तीस टक्क्यांनी घटला, असे २०२३ च्या अहवालात आढळले. निळकंठ दुर्मीळ होत आहे अशी शंका कोणाच्याही मनात नव्हती, कारण तो आजही अधूनमधून दिसतो. हळूहळू होणारा तोटा डोळ्यांना दिसत नाही, तो वहीतच दिसतो, हे व्यापारी कुटुंबांना मी काय सांगावे?

कोणी विचारेल, अशिक्षित-सुशिक्षित, नवशिके-जाणकार अशा सर्वांच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा? माझ्यातल्या जुन्या बँक अधिकाऱ्याने हाच प्रश्न प्रथम विचारला. उत्तर असे की येथेही लेखापरीक्षण आहे. प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक महिन्यात कोणता पक्षी किती संख्येने अपेक्षित आहे, याच्या मर्यादा ठरवलेल्या असतात. त्या मर्यादेबाहेरची नोंद आली की स्थानिक जाणकार परीक्षक ती थांबवतो. छायाचित्र किंवा वर्णन मागतो. समाधान झाले तरच नोंद खात्यावर चढते. तथापि, एक दोष परीक्षणाने जात नाही. नोंदी शहरांच्या आसपास अधिक होतात, सडकेच्या कडेला अधिक होतात, रविवारी अधिक होतात. पुण्या-मुंबईच्या नकाशावर ठिपक्यांची दाटी दिसते आणि आपल्या वाशी, भूम, कळंब, परंड्याच्या बाजूला नकाशा विरळ होत जातो.

हा विरळपणा मला लागला. त्याचे कारण सांगायला हवे.

बँकेत असताना कर्जप्रकरणांच्या निमित्ताने मी अनेक शिवारांची पाहणी केली. अहवालात जमिनीचे वर्णन करावे लागे. बागायत, जिरायत आणि त्यानंतरचा शब्द ‘पडीक’. बालाघाटाच्या पठारावरचे मैलोगणती पसरलेले माळ मी त्या एका शब्दात बसवले. खडकाळ, उथळ माती, कुसळी गवत, उत्पन्न काही नाही, असे लिहायचे आणि सही करायची. त्यात मी खोटे काही लिहिले, असे नव्हे. सरकारी दप्तरांतही गवताळ माळरानाची गणना बहुधा पडीक जमिनीतच होते. परंतु त्या माळावर जिवंत काय आहे, असा रकाना कोणत्याही नमुन्यात नव्हता आणि मलाही तो असावा असे कधी वाटले नाही.

आता त्याच माळावर सकाळी उभा राहतो तेव्हा टिटवी, माळटिटवी, चंडोल, डोंबारी, तितर, लावा, धाविक, पखुर्डी यांची ओळख होत आहे. यांतले बहुतेक पक्षी झाडावर घरटे बांधत नाहीत; उघड्या जमिनीवर, दगडांच्या रंगात मिसळून जातील अशी अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या नावाचे ससाण्यासारखे शिकारी पक्षी येतात, दिवसभर टोळ-नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर, मुक्काम करतात. शेतकऱ्याचे ते फुकटचे राखणदार होत. अहवाल सांगतो की देशात सर्वाधिक संकटात असलेल्या पक्ष्यांमध्ये अशा उघड्या माळांवर राहणारेच मोठ्या संख्येने आहेत. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा माळढोक हा त्याचा सर्वांत दुःखद दाखला. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले. आज अभयारण्याचे नाव आहे, पण माळढोक दिसणे हीच बातमी झाली आहे.

आपल्या भागात काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नसते, याचा अनुभव अलीकडेच आला. २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ टिपला गेला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून तो शेकडो किलोमीटर चालत आला होता. वाघाची बातमी होते. डोंबारी नाहीसा झाला तर बातमी होत नाही.

आज पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत, खडीचे क्रशर चालू आहेत, काही ठिकाणी वृक्षारोपणासाठी गवत काढून खड्डे खणले जात आहेत. वीज हवी, रस्ते हवेत, झाडेही हवीत. याला माझा विरोध नाही. परंतु कोणता माळ वापरावा आणि कोणता राखावा, असे उद्या कोणी विचारले, तर दाखवायला आपल्याकडे कागद कोणता? माझ्या सहीचे अहवाल निघतील. त्यांत ‘पडीक’ लिहिलेले आहे. तीस वर्षांपूर्वी त्या जागी किती पखुर्ड्या पाण्यावर उतरत, हे मी पाहिले असण्याची शक्यता आहे. लिहिले मात्र नाही. न लिहिलेले येणे वसूल होत नाही.

कायद्यानेही ही जागा आपल्यासाठी राखून ठेवली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपंचायत व नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने गावची ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करावी, अशी तरतूद आहे. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ही कल्पना हिरिरीने मांडली होती. आपापल्या गावची नोंदवही पाहावयास मागावी. ती त्रोटक असेल तर भर घालावी. गावातील व्यापाऱ्याच्या शब्दाला पंचायतीत आजही मान असतो. तो अशा कामी वापरावा.

येथे कोणी म्हणेल, हा सर्व विज्ञानाचा विषय झाला; धर्मपरायण कुटुंबाच्या मासिकात त्याचे काय प्रयोजन? मला तर वाटते की या कामासाठी आपल्याइतकी तयारी दुसऱ्या कोणत्याही समाजाची नसेल. जीवांचे एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत वर्गीकरण आपल्या मुलांना पाठशाळेत शिकवले जाते. आपले साधू-साध्वी ईर्यासमिती पाळतात. चार हात पुढची जमीन निरखत पाऊल टाकतात. पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते म्हणून विहार थांबवून चातुर्मास करतात. हे सर्व निरीक्षणाशिवाय शक्य आहे काय? सुमारे तेराव्या शतकात हंसदेव या जैन पंडिताने ‘मृगपक्षिशास्त्र’ हा पशुपक्ष्यांवरील संस्कृत ग्रंथ रचला. आपल्या सोलापूरचे सुपुत्र, अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी तो मराठीत आणला, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

भगवान नेमिनाथांची कथा आपण सर्व जाणतो. वरात निघाली होती. वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी आला. त्यांनी सारथ्याला विचारले, हे कोण, आणि हे का कोंडले आहेत? उत्तर ऐकून त्यांनी रथ वळवला. कथा सांगताना आपण त्यांच्या वैराग्यावर भर देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याआधी दोन गोष्टी घडल्या : वाद्यांच्या गजरातही त्यांना तो आवाज ऐकू आला, आणि त्यांनी विचारपूस केली. दयेच्या आधी चौकशी होती.

याच चौकशीच्या अभावी आपली दया कधी कधी एकाच खात्यात जमा होत राहते. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतील दादरच्या कबुतरखान्यावरून जे वादळ उठले, त्याने आपल्या समाजातील अनेकांची मने दुखावली. मुक्या जीवाला दाणा घालण्याची भावना पवित्रच आहे, आणि तिची थट्टा कोणी करू नये. तरीही आकडे प्रामाणिकपणे पाहावेत. अहवालानुसार कबुतर हा देशात झपाट्याने वाढणाऱ्या मोजक्या पक्ष्यांपैकी एक आहे, आणि त्याच्या विष्ठेच्या धुळीने काही माणसांना फुप्फुसांचा गंभीर विकार होतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. माळावरच्या डोंबारीला आपल्या गच्चीवरचा दाणा पोहोचत नाही. त्याच्या वाट्याची दया वेगळी आहे : गवत न जाळणे, विणीच्या काळात माळावर गाड्या न घालणे, सुगीनंतर बांध थोडे रानटी राहू देणे, संक्रांतीला नायलॉनचा मांजा दुकानात न ठेवणे. शेवटच्या गोष्टीत तर निर्णय आपल्याच हाती आहे, कारण दुकान आपले आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिली, ओळखीच्या दहा पक्ष्यांपासून आरंभ करावा. कावळा, साळुंकी, होला, पारवा, चिमणी, बुलबुल, कोतवाल, वेडा राघू, टिटवी आणि भारद्वाज यांची नावे घरातल्या आजीलाही ठाऊक असतात. दुसरी, मोबाइलवरील ई-बर्डमध्ये पक्ष्यांची मराठी नावे निवडता येतात, त्यामुळे इंग्रजीचे भय बाळगू नये. तिसरी, घरट्याजवळ जाऊ नये, छायाचित्रासाठी पक्ष्याला उठवू नये. नोंदीपायी जिवाला पीडा झाली, तर मूळ हेतूच बुडाला. अतिसंकटग्रस्त पक्ष्यांची नेमकी जागा ई-बर्डवर सर्वांना दाखवली जात नाही, तेव्हा शिकाऱ्यांना पत्ता कळेल ही शंकाही नको. चौथी, ओळख पटली नाही तर अंदाजाने लिहू नये; रिकामी जागा चालते, खोटी नोंद चालत नाही.

मुहूर्त हवाच असेल, तर दोन आहेत. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर; या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. दुसरा फेब्रुवारीत येतो. त्या महिन्यात जगभर चार दिवस परसातील पक्ष्यांची मोजणी होते आणि २०१३ पासून भारतही तीत सहभागी आहे.

कुंथलगिरीला तर आपले जाणे होतेच. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचे हे सिद्धक्षेत्र. येथेच १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. दर्शन करून, पेढे घेऊन आपण गाडीत बसतो. गेल्या माघात मी तेथे पंधरा मिनिटे जास्त थांबलो. टेकडीच्या उतारावर उभे राहून नातीने मोजले आणि मी लिहिले : होले चार, बुलबुल दोन, वेडे राघू पाच, कोतवाल एक, सूर्यपक्षी एक, टिटव्या दोन, आकाशात एक घार. निळकंठ दिसला नाही. यादी पूर्ण असल्याने तेही नोंदले गेले.

पर्युषण असो वा दशलक्षण, अखेरीस आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. मीही यंदा मागितली. फरक एवढाच की या वेळी त्यांतल्या काहींची नावे मला ठाऊक होती. वडिलांच्या वह्यांतल्या सतराही तारखा मी आता संगणकावर चढवल्या आहेत. एकट्यादुकट्या नोंदींना पूर्ण यादीइतके वजन नसते, याची मला जाणीव आहे. परंतु वाशीत पावशा कोणत्या दिवशी बोलला, हे त्या वर्षांपुरते आता माळ्यावर पडून राहिलेले नाही. आपल्याही घरात जुन्या वह्या असतील. रद्दीत देण्यापूर्वी एकदा चाळून पाहाव्यात.